जुन्या गाडीचा पत्रा उकलताना डोळा सांभाळा

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची निवृत्त झाली. पण घरोघरच्या जुन्या पद्मिनी आणि जीपगाड्या नव्यासारख्या करून घेण्याची हौस वाढते आहे. वडगाव रासाईच्या परिसरात ट्रॉली, नांगर दुरुस्त करणारे कारागीर आहेतच. तेच हात या कामालाही लागतात. या कामात डोळ्याला काय धोका असतो, ते आज पाहू.

मोटारीच्या बॉडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांत दाबून त्यातून जोराचा वीजप्रवाह सोडला की तेवढ्याच जागी लोखंड वितळून एकजीव होते. हाच स्पॉट वेल्डिंगचा ठिपका. तो साधारण ५-६ मि.मी. रुंद असतो. गंजलेला पत्रा काढायचा तर हे ठिपके एकेक करून सोडवावे लागतात. आधी तारेच्या ब्रशने रंग खरवडून ठिपका शोधतात, मध्यभागी पंच मारतात, खास ड्रिलने फक्त वरचा पत्रा कापतात, पातळ छिन्नीने सांधा सोडवतात आणि उरलेला उंचवटा ग्राइंडरने घासतात.

यातली प्रत्येक पायरी डोळ्यावर काहीतरी उडवते. ब्रशची तार तुटून उडते, ड्रिलचा गरम कीस उडतो, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे नुसता उजेड नव्हे, तो लोखंडाचा तापलेला कण असतो. तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतला तर डोळा खुपतो, लाल होतो, पाणी वाहते. काही तासांतच कणाभोवती गंजाचे कडे धरू लागते. जखमेत जंतू शिरले तर व्रण होतो आणि बरा झाल्यावरही डोळ्यात फूल पडून नजर कायमची अधू होऊ शकते.

छिन्नीवर हातोडा मारताना उडणारा कण याहून घातक. तो इतक्या वेगात येतो की डोळा भेदून आत शिरतो, आणि दुखते मात्र थोडेच. “दुखायचं थांबलं, म्हणून आलो नाही,” असे सांगणारे रुग्ण नेहमी भेटतात. दुखणे थांबले म्हणजे धोका टळला असे नाही. आत राहिलेले लोखंड हळूहळू गंजते आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, दृष्टी जाते. म्हणून ठोकाठोकीनंतर डोळ्यात काही गेल्याची शंका आली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे आणि आपण कोणते काम करत होतो ते सांगावे. अशा वेळी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागतो. एमआरआय मात्र करू नये. त्यातील चुंबकाने कण आतल्या आत हलतो. पुण्यात ससून रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

कण गेल्यावर हे पाळा :

१) डोळा चोळू नका. वरवरचा कण असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा.

२) रुमालाचे टोक, काडी, सुई किंवा जीभ यांनी कण काढू नका, कुणाला काढूही देऊ नका.

३) मध, दूध, तूप घालू नका. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकू नका. उसाचे पान लागलेल्या डोळ्यात जशी बुरशी वाढते, तशी इथेही वाढू शकते आणि या थेंबांनी ती बळावते.

४) कण आत शिरल्याची शंका असेल तर धुऊ नका, दाबू नका. कागदी पेल्याचा बूड डोळ्याला न टेकता वरून चिकटवा आणि रुग्णालय गाठा.

हे सारे टाळता येते. बाजूनेही बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा घाला; ग्राइंडर चालवताना त्यावर तोंडभर ढालही घ्या. नंबरचा चष्मा किंवा गॉगल चालत नाही. ग्राइंडरचे झाकण काढू नका. ड्रिल चालवताना सैल हातमोजे, मफलर नको. मोकळा पत्रा उचलताना मात्र चामडी हातमोजे हवेत. बघायला जमलेली मुले दूर ठेवा. ठिपका आधी ड्रिलने नीट सोडवला तर छिन्नीचे घाव कमी लागतात. त्यात पत्राही वाचतो आणि डोळाही.

पत्र्याने कापले तर जखम साबणपाण्याने धुवा. धनुर्वाताचे जंतू गंजापेक्षा मातीत आणि शेणात असतात, आणि आपली बहुतेक गॅरेजे मातीवरच आहेत. शेवटची लस कधी घेतली ते आठवत नसेल तर इंजेक्शन घ्या.

गाडीचा पत्रा बदलून मिळतो. बुबुळावर फूल पडले तर दान मिळालेल्या नेत्राची वाट पाहावी लागते, आणि आतला पडदाच खराब झाला तर तोही उपाय उरत नाही. चष्म्याला मात्र शे-दोनशे रुपयेच पडतात.