मुधोळ कुत्र्याला दुसरे घर का मिळत नाही?

प्रश्न : आवरत नाही म्हणून सोडून दिलेल्या मुधोळ कुत्र्याला नवा मालक मिळणे एवढे अवघड का जाते? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : मुधोळ अथवा कारवान हा दृष्टिवेधी, म्हणजे वासापेक्षा नजरेने सावज हेरून त्याचा पाठलाग करणारा कुत्रा असून, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणल्यावर त्याचे मूळ काम संपले, पाठलागाची उपजत ओढ मात्र तशीच राहिली. त्यामुळे बेळगावच्या सदनिकेत दिवसभर साखळीला बांधलेला हा कुत्रा दार किलकिले होताच बाहेर झेपावतो, गल्लीत कोंबडी दिसली की हाकेला दाद देत नाही, आणि जातिस्वभावाने वागत असूनही ‘बिघडलेला’ ठरतो, हा त्याच्यावर उघड अन्याय होय. निवारा चालवणाऱ्यांची अडचणही खरी आहे, कारण त्याला धावण्यासाठी उंच कुंपणाची जागा लागते आणि ती असलेले कुटुंब मिळेपर्यंत तो महिनोन्‌महिने तेथेच अडकतो. मुधोळ तालुक्यातील तिम्मापूरचे श्वान संशोधन व माहिती केंद्र जातीच्या संवर्धनासाठी आहे, टाकलेल्या कुत्र्यांसाठी नव्हे. म्हणून कुंपण असलेल्या मळ्याचा शेतकरी शोधावा, त्याच्या शेळ्या-कोंबड्यांसमोर कुत्र्याला दोरीने धरून काही दिवस पारखावे, आणि निर्बीजीकरण करूनच तो सोपवावा.