पुरात बुडालेली सायकल

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या गल्लीत छातीभर पाणी होतं. धान्य, कागदपत्रं, आईची औषधं माडीवर नेता नेता रात्र संपली. जिन्याखालची वडिलांची काळी, २४ इंची सायकल तिथंच राहिली. पाणी ओसरल्यावर मी ती नळाखाली धुतली, ब्रेकच्या सळया पुसल्या, चेनला तेल सोडलं आणि सांगलीहून मिरजेच्या शाळेत जाणं-येणं पुन्हा सुरू केलं. चाकं फिरत होती, ब्रेक लागत होते. सायकल वाचली, असंच मी धरून चाललो.

वाचली नव्हती. पायडलचे दोन्ही दांडे, म्हणजे क्रँक, ज्या एक्सलवर बसतात, तो फ्रेमच्या तळाशी आडव्या नळीत असतो. दुकानात या जागेला बीबी म्हणतात. फ्रेममधली ही सगळ्यात खालची जागा. सीटच्या दांडीकडून शिरलेलं पाणी उभ्या नळीतून थेट तिथं उतरतं आणि साचून राहतं. पुराचं पाणी गाळही घेऊन येतं. तो गाळ ग्रीसमध्ये कालवला गेला की एक्सलभोवतीचे छर्रे पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखे झिजतात, आणि ज्या वाट्यांत ते फिरतात त्यांनाही खड्डे पाडतात.

दिवाळीनंतर आवाज सुरू झाला. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘कट्’. पायडल बदलून पाहिले, आवाज तसाच. मग चेनव्हील चेन कव्हरला घासायला लागलं. तरीही मी रोज वीस किलोमीटर चालवत राहिलो. जानेवारीतल्या एका संध्याकाळी विश्रामबागेच्या पुढे वेग घ्यायला उभं राहून पायडल मारला, चेनव्हील एका अंगाला कललं, चेन पडली आणि पाय मोकळाच खाली गेला. मी रस्त्यात आडवा. मागचा ट्रक करकचून ब्रेक दाबून थांबला, तेव्हा त्याचं पुढचं चाक माझ्या हँडलपासून हातभर अंतरावर होतं.

म्हणून कळकळीनं सांगतो, ‘कट्’ ऐकू आलं की त्याच दिवशी पाच मिनिटं काढा. चेन उतरवा. एक क्रँक धरून आत-बाहेर हलवा. हातातला एकटाच हलला तर त्याला एक्सलवर पकडणारी कॉटर पिन ढिली आहे. दोन्ही एकदम हलले तर खेळ बीबीत आहे. मग क्रँक अगदी हळू फिरवा. बोटांना खरखर लागली तर बीबी उघडायलाच हवी. बाहेरून तेल सोडून भागत नाही, उलट उरलंसुरलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं.

मी ती घरीच उघडायला बसलो आणि एकामागून एक तीन चुका केल्या.

पहिली चूक कॉटर पिन काढताना. क्रँकला खालून काहीच टेकू न देता मी पिनेवर हातोडीचे छोटे छोटे घाव घालत राहिलो. पिन वाकली, तिचं डोकं पसरलं आणि शेवटी ती ड्रिल मारून काढावी लागली. खरं तर पिनेच्या जागेजवळ क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवायचा, म्हणजे घाव छर्ऱ्यांवर न जाता जमिनीत जातो. नट पूर्ण काढायचा नाही. पिनेच्या टोकाशी बरोबरीत आणून ठेवायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. आणि मग जड हातोडीचा एकच नेमका घाव.

दुसरी चूक उजव्या वाटीची. नट सैल करताना फिरवतो तसा पाना मी डावीकडे फिरवत होतो. वाटी हलेना, म्हणून पान्याला पाइप लावून जोर केला. पाना सटकला, माझी बोटं चेनव्हीलच्या दात्यांवर आपटली आणि वाटीच्या कडा गोल झाल्या. या सायकलींत उजव्या वाटीला उलटे आटे असतात. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सुटते. पायडल मारताना आत फिरणाऱ्या छर्ऱ्यांच्या रेट्यानं सुलट्या आट्यांची वाटी चालता चालता सैल झाली असती, म्हणून ही योजना. डावी वाटी आणि तिच्यावरची लॉक रिंग मात्र नेहमीसारखी सुटते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. उजवी वाटी दरवेळी काढावीच लागते असं नाही. एक्सल डावीकडून बाहेर काढायचा, वाटी जागेवरच रॉकेलच्या फडक्यानं पुसायची आणि आत बॅटरीचा उजेड मारायचा. छर्ऱ्यांची चकचकीत चाकोरी दिसली तर चालेल. खड्डा किंवा उडालेला टवका दिसला तरच वाटी बदलायची.

तिसरी चूक सगळ्यात महागात गेली. नवी डावी वाटी तिरकी लागली आणि मी ती पान्यानं रेटली. फ्रेमचे आटेच खाल्ले गेले. मिरजेत शाळेजवळ दुकान असलेल्या चाचांकडे सायकल ढकलत नेली. त्यांनी नळीत बोट फिरवलं. “सर, आटे चावले की तिथंच थांबायचं असतं. वाटी पहिले तीन-चार फेरे बोटांनी फिरली पाहिजे. पाना नंतर.” बीबीचे आटे फार बारीक असतात, इंचाला २४. त्या मापाचा टॅप असलेला दुकानदार शोधून आटे दुरुस्त करून घेईपर्यंत दोन आठवडे गेले.

पुढचं काम चाचांनी माझ्याच हातून करून घेतलं. वाट्या, एक्सल आणि छर्रे सगळं नवीन. जुन्यात नवे छर्रे मिसळू दिले नाहीत, कारण मापात केसाएवढा फरक असला तरी सगळा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो. वाटीत ग्रीसचा जाड थर, त्यात पाव इंची छर्रे एकेका बाजूला ११. छर्रे बसल्यावर थोडी फट उरते, ती भरायला बारावा कोंबायचा नाही. डावी वाटी एक्सल अडेपर्यंत आवळायची आणि मग किंचित मागे घ्यायची. लॉक रिंग आवळताना वाटी तिच्यासोबत फिरते, म्हणून वाटीला दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायचं. मला हे चौथ्या खेपेला जमलं. दोन्ही कॉटर पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. पिन हातोडीनं नीट ठासायची, नट तिला फक्त धरून ठेवतो. वीसेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासायचा.

जुलै २०२१मध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा सायकल मी पहिल्या फेरीतच माडीवर नेली. शेजारच्या वहिनींच्या मुलाची मात्र दोन दिवस पाण्यात राहिली. पाणी उतरलं त्याच दुपारी आम्ही दोघं तिची बीबी उघडून बसलो. डावी वाटी सुटताच अर्धा पेला गढूळ पाणी फरशीवर सांडलं. ग्रीस ताकासारखं पांढरं पडलं होतं. त्यानं छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकले, फडक्यावर घोळले आणि एकेक उचलून उजेडात धरला. २२ च्या २२ चकचकीत निघाले.