मॅटाडोर गरम होतेय? थर्मोस्टॅट काढू नका, बदला

जुनी मॅटाडोर गरम व्हायला लागली की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : "थर्मोस्टॅट काढून टाकू. पाणी मोकळं फिरेल, गाडी थंड राहील." मी माझी मॅटाडोर घेतली तेव्हा आधीच्या कुणीतरी हा सल्ला मानलेला होता. थंडीच्या दिवसांत सकाळी दहा-बारा किलोमीटर गेलो तरी तापमानाचा काटा जागचा हलत नसे आणि मागे पांढरट धूर सुटे. त्याच गाडीचा काटा साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढू लागलो की लाल पट्ट्याकडे सरके. थंडीत गार आणि घाटात तापलेली, या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच रिकाम्या जागेत होतं.

काढल्याने नेमकं काय होतं?

बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमध्ये ऐंशीच्या दशकापासून मर्सिडीझच्या परवान्याने पुण्यात बनलेलं ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं डिझेल इंजिन आलं. त्याचा थर्मोस्टॅट एकाच वेळी दोन कामं करतो. इंजिन गार असताना तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो आणि पाणी बायपासमधून इंजिनातच फिरवतो. इंजिन तापलं की आतलं मेण फुगतं, वरची झडप उघडते आणि त्याच हालचालीत खालची चकती बायपास बंद करते. मग सगळं पाणी रेडिएटरमधून जातं.

थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो. बरंचसं पाणी रेडिएटरला शिवतही नाही, गरमचं गरम इंजिनात परत येतं. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही, पण भर उन्हात भरलेली गाडी घाट चढू लागली की जाणवतं. उलट रेडिएटरचा रस्ताही कायम उघडा असल्याने थंडीत इंजिन तापायला फार वेळ घेतं. गार डिझेल इंजिनात इंधन पुरतं जळत नाही, तेल खराब होतं, सिलिंडर लवकर झिजतात आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

कोणता घ्यावा?

या इंजिनाचा मूळ थर्मोस्टॅट सुमारे ८० अंश सेल्सिअसला उघडायला लागतो आणि ९४ च्या आसपास पूर्ण उघडतो. तोच घ्या. "आपल्याकडे ऊन जास्त, ७१ चा बसवा" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो. कमाल तापमान ठरतं रेडिएटर, पंखा आणि पाण्याच्या पंपावर. रेडिएटर बुजलेला असेल तर ७१ चा थर्मोस्टॅट लवकर उघडेल, पण गाडी तेवढीच तापेल.

दुकानात तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. अंगावर कोरलेला आकडा ८० च्या जवळचा हवा. खाली स्प्रिंगवर बसलेली बायपासची चकती हवी. ती नसलेला 'फिट होणारा' थर्मोस्टॅट इथे निरुपयोगी आहे. आणि उंची जुन्याएवढीच हवी, म्हणून जुना सोबत न्या. गाडीत जुना नसेलच, तर इंजिनाचं नाव सांगून मागा.

बसवण्याआधी पातेल्यात तपासा

नवा असला तरी तपासाच. पातेल्यात पाणी घ्या आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आच द्या. पंच्याहत्तरला झडप घट्ट मिटलेली दिसते. ८० च्या आसपास कडेला केसाएवढी फट पडते, मग पितळी भाग हळूहळू सरकतो. पाणी उकळेपर्यंत झडप पुरती उघडलेली आणि खालची चकती ठळकपणे पुढे आलेली हवी. आच बंद करून पाणी निवू द्या आणि झडप पुन्हा पूर्ण मिटते का ते पाहा. दहा-पंधरा मिनिटांच्या या कामाने नंतरचं हेड उतरवण्याचं काम टळू शकतं.

दोष कुठे आहे, ते लक्षणावरून

• इंजिन तापलं, पण रेडिएटरचा वरचा होज पाईप गारच : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे.
• काटा वर येतच नाही : थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा काढलेला आहे.
• ट्रॅफिकमध्ये तापते, चालू लागली की उतरते : पंखा आणि फॅन बेल्ट बघा.
• घाटात आणि वजनाखाली तापते : थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा रेडिएटरची जाळी बुजली आहे.
• पाणी कमी होतं, पण गळती दिसत नाही. टाकीत बुडबुडे येतात : हेड गॅसकेटची शंका घ्या.

खर्चाचा अंदाज

भाव गाव, दुकान आणि कंपनीनुसार बदलतात. पुढचे आकडे घासाघीस करण्यापुरते हाताशी ठेवा.

पहिली फेरी, प्रत्येकाने करावी अशी :
• थर्मोस्टॅट : ४०० ते ९०० रुपये
• गॅसकेट किंवा ओ-रिंग : ५० ते १००
• रेडिएटरचं टोपण : १५० ते ३००
• फॅन बेल्ट : ३०० ते ५००
• दोन होज पाईप आणि क्लिपा : ६०० ते १,२००
• कूलंट, ५ लिटर : १,५०० ते २,०००
• मजुरी : ५०० ते १,०००

एकूण ३,५०० ते ६,००० रुपये.

दुसरी फेरी, लागलीच तर : रेडिएटर उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्या सळईने साफ करणं, १,२०० ते २,०००, नवी जाळी ६,००० ते १२,०००, वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, १,५०० ते ३,०००.

तिसरी फेरी, टाळायची : हेड उतरवणं, फेसिंग आणि गॅसकेट मिळून १२,००० ते २५,०००. पहिल्या फेरीत वाचवलेले पैसे इथे कित्येक पटीने जातात.

टोपण आणि पाणी

टोपण म्हणजे नुसतं झाकण नव्हे. ०.९ बारच्या टोपणाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं टोपण हा दाब धरत नाही आणि पाणी आधीच उडून जातं. मूळ टोपणावर कोरलेल्या दाबाचंच नवं घ्या. जास्त दाबाचं बसवलं तर जुने होज आणि जाळीचे सांधे फुटू शकतात.

बोअरचं पाणी घालू नका. ते उकळल्यावर पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच जाळीच्या नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरा आणि किती लिटर लागलं ते डायरीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी बदला. भरताना इंजिन चालू ठेवून हवा निघू द्या, दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी पुन्हा बघा.

घाटात तापलीच तर

काटा चढू लागला की खालचा गिअर टाका आणि सुरक्षित जागा बघून थांबा. लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या. पाणीच संपलं असेल तर मात्र तत्काळ बंद करा. या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांमधल्या पेटीखाली आहे, वाफ थेट पायांवर येते. म्हणून निदान अर्धा तास टोपणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका.

माझ्या गाडीत ८० चा थर्मोस्टॅट, नवं टोपण आणि रॉडिंग केलेली जाळी बसली. तेव्हापासून खंबाटकीत काटा मधोमध उभा असतो. पुढच्या वेळी कुणी "काढून टाकू" म्हणालं, तर त्यांना शांतपणे सांगा : काढा, पण त्याच जागी नवा बसवा.