बाजूची पात

कौंडण्यपूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाळ,

परवा फोनवर तुला नीट उत्तर दिलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मानसशास्त्राची ऑनलाइन पदवी घ्यायची आहे, पहिला हप्ता या आठवड्यात भरायचा आहे, तिकडून रोज फोन येतात, असं तू म्हणालीस. पैशाची गोष्ट आहे, म्हणून तीच आधी सांगते. भरू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राच्या पदवीचे नवे प्रवेश दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन द्यायला मनाई केली आहे. आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी २०२१ मध्ये जो कायदा झाला, त्यात हा विषयही येतो. फोन करणाऱ्याला आयोगाच्या मान्यतेचं पत्र माग. ते हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नकोस. पदवीच हवी असेल तर रोज वर्गात बसता येईल असं कॉलेज बघ. वर्ष गेलं तरी चालेल, फीचं आपण बघू.

'स्वयम'वर तू जो बारा आठवड्यांचा कोर्स घेतला आहेस, तो मात्र सोडू नकोस. शिकणं फुकट आहे, परीक्षेपुरती फी लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणजे अभ्यासाला शिस्त राहते. नोकरी सांभाळून रात्री दहाला तू वही घेऊन बसतेस, याचा मला अभिमान वाटतो. आमच्या वेळी डी.एड.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता. आम्ही तो गाईड वाचून पास केला आणि मग तीस-पस्तीस वर्षं मुलांसमोर उभ्या राहिलो. तुला आज घरबसल्या चांगले प्राध्यापक ऐकायला मिळतात.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहिते आहे ते. पोळ्याला तू घरी आली होतीस. रात्री जेवताना दादाला म्हणालीस, "बाबा, तुम्हाला डिप्रेशन आहे, आणि तुम्ही ते डिनाय करता." दादाने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तू तेव्हा कोर्सच्या तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात होतीस. तुझं निदान चुकलं, असं मी म्हणत नाही. कदाचित बरोबरही असेल. पण त्या रात्री तुझ्याजवळ एक शब्द होता आणि समोर बाप होता, आणि तू शब्दाकडे पाहिलंस. नवीन शब्द मिळाला की तो कुठेतरी लावून पाहावासा वाटतो, हे मी समजू शकते. पण घरच्या माणसाला लावलेला शब्द त्याच्या अंगाला चिकटतो. दादा आता तुझा फोन आला की माझ्याकडे देतो, हे तुझ्या लक्षात आलं आहे का?

तुझ्या 'मानवी संबंध' या भागात हॉथॉर्नचा धडा असेलच. शिकागोजवळचा तो कारखाना, १९२४ ते १९३२ मधले ते प्रयोग. पुस्तकात बहुतेक दिव्यांचीच गोष्ट असते, की उजेड वाढवला तरी काम वाढलं आणि कमी केला तरी वाढलं. त्या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण त्याच कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या, तो भाग तू दोनदा वाच. आधी मुलाखत घेणारे ठरलेले प्रश्न विचारत. पगार कसा आहे, मुकादम कसा आहे, जागा कशी आहे. कामगार एखाद्या प्रश्नाचं उत्तर देई आणि भलतीकडेच वळे, घरच्या आजारपणाबद्दल, एखाद्या जुन्या अपमानाबद्दल बोलू लागे. मुलाखत घेणारा त्याला परत प्रश्नाकडे आणी. काही काळाने त्यांच्या लक्षात आलं की माणूस जिकडे वळतो तिकडेच त्याचं खरं सांगणं असतं. मग त्यांनी प्रश्नांचे कागद बाजूला ठेवले आणि माणसाला बोलू दिलं. एका मुलाखतीला आधीपेक्षा खूप जास्त वेळ लागू लागला. मला त्या सगळ्या संशोधनात हीच गोष्ट मोलाची वाटते.

कारण ठरलेले प्रश्न विचारत राहण्याची चूक माझ्या हातूनही झाली आहे. ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका वर्षी सोयाबीन पावसात सापडलं होतं आणि कपाशीवर बोंडअळी होती. माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा बाप, आपल्या ओळखीचा कास्तकार, संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी उभा होता. म्हणाला, "बाई, मले झोपच लागत नाही." मी विचारलं, "काहून? कर्जाचं टेन्शन आहे का? पीकविम्याचा अर्ज केला का? पोराचे पेपर कसे गेले?" एकामागून एक. तो प्रत्येकाला "हो", "नाही" म्हणत राहिला. मग मी त्याला दहा मिनिटं समजावलं. एवढं मनाला लावून घेऊ नका, दिवस पालटतात, लेकराकडे पाहा. तो "बरं बाई" म्हणून गेला. चार दिवसांनी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. बायकोने वेळेवर पाहिलं म्हणून वाचला. इर्विन दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्याने मला एवढंच म्हटलं, "बाई, त्या दिवशी सांगाले आलो होतो." मी तेव्हा बोलत नसते तर त्याने सांगितलं असतं. आजही संध्याकाळी त्या फाटकाजवळून जाताना माझी पावलं जड होतात.

तू म्हणशील, आत्याला कुठे कोर्स होता. पण आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा एक कार्यक्रम झाला, त्यात काम करणारी माणसं गावातलीच होती, साधं शिक्षण झालेली. त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं, वर तज्ज्ञांचा आधार होता. ती लोकांशी मनाच्या त्रासाबद्दल बोलत, प्राथमिक मानसिक आधार देत, आणि ज्याला गरज असेल त्याला समुपदेशकापर्यंत किंवा डॉक्टरपर्यंत पोचवत. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त त्याचा अहवाल आला. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी साधारण चार लोकच मदत घेत होते, नेमका आकडा ४.३ टक्के. कार्यक्रमानंतर तो २७.२ टक्क्यांवर गेला. परदेशातल्या मोठ्या दवाखान्यातली ही गोष्ट नाही, आपल्या कपाशीच्या मुलखातली आहे. म्हणून सांगते, तुझं शिक्षण इथे उपयोगाचं आहे, फार उपयोगाचं आहे. फक्त ते कशा रूपात घेऊन येतेस, याची काळजी घे.

आपल्याकडे कोणी येऊन "मला नैराश्य आलं" असं म्हणत नाही. "जीव लागत नाही" म्हणतात. "डोकं भणभणते", "काही गोड लागत नाही", "टेन्शन आलं बापा". आपल्या घरात तर तेही कोणी बोलत नाही. दादा वावरातून आला की चहा न घेता बसून राहतो, एवढंच दिसतं. तुझ्या वहीत लक्षणांची जी यादी आहे तिच्या बाजूला हे शब्द लिहून ठेव. आणि आणखी एक. २०१० मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू देशांतल्या लोकांवर झालेले आहेत, आणि त्यांतही पुष्कळदा कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. तेव्हा पुस्तकात 'माणूस असा वागतो' असं वाचलंस की थांबून विचार, कोणता माणूस? एकत्र कुटुंबात राहणारा, भावकीत धुऱ्याचा वाद असलेला, बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस त्या प्रयोगात होता का? असेल तर उत्तम. नसेल तर तू स्वतः बघ.

कोर्सचं प्रमाणपत्र मिळालं की नावापुढे 'समुपदेशक' लावू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवरही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि त्यामागे कित्येक वर्षांचं शिक्षण असतं. मैत्रिणी तुला रात्री-बेरात्री फोन करून रडतात, असं तुझी आई सांगत होती. ऐक, जरूर ऐक. पण कोणाच्या बोलण्यात जगणं नको झाल्याचं आलं, तर ते गुपित म्हणून स्वतःजवळ ठेवू नकोस. सरळ विचार, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने ती गोष्ट कोणाच्या डोक्यात भरत नाही. उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. तिच्याजवळ कोणाला तरी थांबव, डॉक्टरकडे ने, आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लाव. २०२२ पासून तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. गावात अजून पोलिसांच्या भीतीने लोक अशा गोष्टी लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला प्रचंड ताणाखाली असलेला मानतो, त्याला शिक्षा करत नाही. हे तू चार घरी सांगितलंस तरी पुष्कळ झालं.

काल रात्री दूध आटवत असताना आपल्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीचा विचार मनात आला. लहानपणी तुला अंबामातेच्या देवळात तिची गोष्ट सांगायचे. भरलेलं घर, राजाचं घर, आईबाप, पाच भाऊ. तिचं मन कुठे आहे हे घरच्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण मोठ्या भावापुढे कोणी बोललं नाही आणि तिला कोणी विचारलं नाही. शेवटी लेकीला बाहेरच्या माणसाच्या हाती पत्र पाठवावं लागलं. आपण तिचं हरण मोठ्या कौतुकाने ऐकतो. मला मात्र आता त्या घराचंच वाईट वाटतं.

मी ऐकायला शिकले ते निवृत्तीनंतर, पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेले तेव्हा. समोर बसवून विचारलं तर ज्या बायका "सगळं बरं आहे" म्हणाल्या असत्या, त्या बाजूने चालता चालता आपणहून बोलायच्या. डोळ्यांत डोळे घालून पाहायचं नसतं, पावलं चालू असतात, मध्येच बोलणं तुटलं तरी अवघड वाटत नाही. तीन-चार कोस गेले की सासूचं निघतं, नवऱ्याच्या दारूचं निघतं, गेलेल्या लेकराचं निघतं. मी फक्त "हं" म्हणत असे. कोणी माझा सल्ला मागितला नाही.

कार्तिकात यात्रेला तू येशील, तेव्हा वावरात वेचणी चालू असेल. दादाची माफी मागायला म्हणून समोर बसू नकोस, त्याला ते सोसणार नाही. डोक्याला रुमाल बांध, कमरेला ओटी बांध आणि त्याच्या बाजूची पात धर. सकाळचं दव उतरलं की वेचायला लागा. तो काही बोलला नाही तर तूही बोलू नकोस, कापूस वेच. बोलला तर वेचता वेचता ऐक. दुपारी मी भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन धुऱ्यावर येईन.

तुझी आत्या