वॅटचा आकडा आणि स्पीकरची भूक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने ॲम्प्लिफायरवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. पण ध्वनीची शाळा मात्र घरातच होती. वडिलांचा मंडप व लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. लग्नसराईत भोंगे बांधता बांधता एक गोष्ट लहानपणीच ध्यानात आली. ज्या थोड्याशा वॅटवर भोंगा शिवारापलीकडे ऐकू जातो, तेवढ्याच वॅटवर घरगुती स्पीकर जेमतेम खोली भरतो.

हाच प्रश्न यंदा वेगळ्या रूपाने पुढे आला. आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींना परदेशातील मुलाने ‘एलएस ३/५ए’ या स्पीकरची जोडी पाठविली. हा छोटा स्पीकर बीबीसीने १९७० च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाड्यांत आवाज पारखण्यासाठी तयार केला होता. आता प्रश्न ॲम्प्लिफायरचा. पेन्शनमधून साठविलेले पैसे एकदाच खर्च होणार, आणि दुकानदार म्हणतो, ‘५०० वॅटचा घ्या.’

माझ्या मते वॅट पाहण्याआधी स्पीकरचा कागद वाचावा. त्यावर संवेदनशीलता दिलेली असते : २.८३ व्होल्ट, म्हणजे ८ ओहमच्या भाराला १ वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. एलएस ३/५ए चा आकडा सुमारे ८३. उलट अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासूनचा ‘क्लिप्शहॉर्न’ खोलीच्या कोपऱ्याचाच कर्ण्यासारखा उपयोग करतो. त्याचा आकडा सुमारे १०५. फरक २२ डेसिबलचा. पण दर १० डेसिबलला शक्ती दसपट लागते, म्हणजे हा फरक दीडशे पटींहून अधिक झाला! आमच्या भोंग्याचे गुपितही हेच.

गुरुजींची खोली लहान, बैठक आठ फुटांवर. दोन्ही स्पीकरना एकेक वॅट दिला तरी ८० डेसिबलच्या आसपास आवाज मिळावा; गायनाला तो पुरेसा आहे. मात्र तबल्याची थाप क्षणभर १५ डेसिबलने उसळली, तर तीस पट शक्ती हवी. म्हणून ३० ते ५० वॅट हा माझा हिशेब. ५० चे १०० केल्याने अवघे ३ डेसिबल वाढतात, आणि पाच इंची पडद्याला त्यापलीकडे फार हलताही येत नाही. पण अगदी दुबळे यंत्रही नको. ते ताणले की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजात तीव्र स्वरांचा अंश वाढून नाजूक ट्वीटर जळू शकतो.

दुसरा आकडा ओहमचा. गुरुजींची जोडी ११ ओहमची, म्हणजे यंत्राला सोपी. ४ ओहमचा स्पीकर असता, तर जास्त विद्युत्प्रवाह पुरविणारे भक्कम यंत्र शोधावे लागले असते. १९८० च्या दशकातील ‘अपोजी सिंटिला’ तर १ ओहमचा होता. कित्येक नामांकित ॲम्प्लिफायर त्याच्यापुढे हात टेकत.

खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांचे आकडे छापतात, त्यांकडे पाहूच नये. दोन्ही बाजू चालू असताना, ८ ओहमवर, सतत किती वॅट, एवढेच विचारावे. (दुकानदार कंटाळतो, पण विचारावे.) गुरुजींकडे कुमार गंधर्वांच्या तबकड्या आहेत, तेव्हा यंत्राला फोनोची जोडणी आहे का हेही पाहणे आले. नसल्यास त्याचे वेगळे उपकरण घ्यावे लागते.

सध्या गुरुजींच्या मनात दोन यंत्रे आहेत, दोन्ही ४० वॅटच्या आसपास. दुकानातल्या स्पीकरवर ती ऐकून निर्णय घेऊ नका, आपली जोडीच सोबत न्या, असे मी त्यांना सांगितले आहे. दोन्ही यंत्रांचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणायचा, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगीचच चांगला वाटतो. एक पेटी साधारण पाच किलोची आहे. एसटीतून नेता येईल.