दर्यापूरला निघालीस, तर घोळीचं बी बांधून घे

पोरी, मार्कंड्याची शिवरात्रीची जत्रा उठली आणि वैनगंगेचं पाणी उतरलं, की डांगरवाड्यांत, कांद्याच्या वाफ्यांत घोळ आणि चिवळ आपसूक येते. तुला ती कधी पेरावी लागली नाही. आता तुझं सासर दर्यापूरचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरलेली ती काळी जमीन खारी आणि विहिरीचं पाणीही खारं. उन्हाळ्यात तिथे मेथी-कोथिंबिरीचा हट्ट धरू नको. घोळ मात्र तग धरते. तिची रीत तेवढी सांगून ठेवते.

ओळख. घोळीचं पान जाड, गुळगुळीत, देठ लालसर, फूल पिवळं. चिवळ तिचीच धाकटी बहीण, पान बारीक आणि वेल जमिनीला चिकटून. दोघींसारखीच दिसणारी नायटी त्यांच्यातच उगवते. शंका आली की काडी मोडून बघ. पांढरा चीक आला तर फेकून दे. घोळीतून नुसतं पाणी निघतं.

बी. बोंडं पिवळसर झाली की अख्खं झाड उपटून धोतराच्या फडक्यावर पसर. उपटल्यावरही ते चटकन मरत नाही, बोंडं पिकवत राहतं. मग बोंडाचं टोपण सुटतं आणि खसखशीहून बारीक काळं बी फडक्यावर सांडतं. ते कोरड्या रेतीत मिसळून वाफ्यावर भुरभुरव. वरून माती लोटू नको, या बियाला उजेड लागतो. थंडीतही पेरू नको, ऊन तापू दे.

पाणी. खरी मेख इथे आहे. वाढलेली घोळ खारं पाणी सोसते, पण उगवतं बी सोसत नाही. पेरणीपासून चार पानं फुटेपर्यंत साठवलेलं गोडं पाणी शिंपड. नाहीतर पहिल्या दोन-तीन पावसांनी वरचं मीठ धुपून गेल्यावर पेर. तिकडच्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून गादीवाफा कर. आपल्या धानाच्या बांधीसारखं पाणी साचलं तर घोळ सडते. बी नसेल तर वीतभर काडी अर्धा दिवस सावलीत सुकवून खोच, मुळं धरते.

खुडणी. फुलं यायच्या आत, बुडाशी दोन बोटं ठेवून काप, पुन्हा फुटते. रात्रभर पानात आंबटपणा साठतो आणि दिवसा उन्हात उतरतो. आंबट हवी असेल तर सकाळी खुड, सौम्य हवी तर संध्याकाळी. मोरीच्या आणि गोठ्याच्या निचऱ्यावर आलेली कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नको. तणनाशक मारलेल्या कपाशीतली तर अजिबात नको.

चुलीवर. चिवळीची मुळं कापून टाक. परातीत भरपूर पाणी घेऊन भाजी बुडव आणि वरच्या वर उचल. रेती तळाशी राहते. परातीत रेती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदल. तेलात लसूण लाल कर, तिखट टाक, भिजवलेली मुगाची डाळ परत, मग भाजी. वरून पाणी घालू नको, तिला स्वतःचंच पुष्कळ सुटतं. घोळ ताकात शिजव, बेसनाचं आलण लाव. मीठ दोन्हींत शेवटी, तेही चाखून. खाऱ्या मातीतली भाजी मीठ आतूनच घेऊन येते. इथल्या अंदाजाने घातलंस तर सासूबाई पहिल्याच दिवशी ताट सरकवतील.

पथ्य. घोळीत पालकासारखंच ऑक्झलेट असतं. उकडून पाणी टाकलं की ते कमी होतं, दह्या-ताकानेही त्याचा जोर उतरतो. तरी ज्याला मूतखडा किंवा किडनीचा त्रास आहे, त्याच्या ताटात ती वाढू नको. रक्तदाब असलेल्याला खाऱ्या वावरातली बेतानेच दे. एरवी आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे, रोज नको.

आणखी एक. वाफ्याच्या कडेची दोन झाडं कधीच कापू नको, त्यांना बी धरू दे. एका झाडाला हजारोंनी बी येतं. ते मातीत पडून राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच उगवतं. पेरणी एकदाच करायची, पुढे दरवर्षी फक्त निंदताना हात आवरायचा.