श्रमिकांची चित्रे काढू इच्छिणाऱ्या भाच्यास पत्र

ठाणे



दस्तऐवजी छायाचित्रण, म्हणजे प्रत्यक्षातले जगणे न सजवता, दीर्घकाळ पाठपुरावा करून चित्रांत नोंदवून ठेवण्याची पद्धत, जो पत्करतो, त्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी, की गरिबाचे दैन्य टिपणे सोपे असते, परंतु त्याचे काम टिपल्याखेरीज ते दैन्य कोठून आले हे पाहणाऱ्यास उमगत नाही.

यासाठी सुधारक ओलवे यांच्या चित्रांचा अभ्यास अवश्य करावा. अकोल्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून वावरलेल्या ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल चित्रे अनेक वर्षे काढली, आणि त्यांत गटारात उतरलेला माणूस, कचरा उपसणारे उघडे हात आणि कामगाराचे घर ही सारी एकाच साखळीत दिसतात. हे कामगार बहुतांशी दलित समाजांतले असल्याने ही चित्रे जातिव्यवस्थेविरुद्धची साक्षही ठरतात. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही माणसे गटारात उतरतच राहिली, म्हणून अशा साक्षीची गरज संपलेली नाही.

छायाचित्रकार डोरोथिया लँग यांच्या उदाहरणातून दुसरा धडा मिळतो. महामंदीच्या काळात अमेरिकी सरकारसाठी काम करताना त्यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे एका स्थलांतरित शेतमजूर आईचे चित्र काढले आणि ते जगभर गाजले, पण तिचे नाव त्यांनी विचारले नव्हते. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळण्यास १९७८ साल उजाडले.

म्हणून चित्रओळ, म्हणजे चित्राखाली छापायची माहिती, चित्राइतक्याच निष्ठेने लिहावी. तीत व्यक्तीची संमती असल्यास तिचे नाव असावे, काम पालिकेचे की ठेकेदाराचे, रोज किती मिळतो, हातमोजे व गमबूट दिले जातात का, हेही असावे. ठाणे-कल्याणच्या नाक्यांवर सकाळी कामाची वाट पाहणारे नाका कामगार, डोंबिवलीच्या घंटागाड्यांवरील कंत्राटी कामगार, भिवंडीच्या यंत्रमागांवर पाळीत राबणारे कारागीर आणि अनेक दशके कचरा साचत गेलेल्या आधारवाडीच्या परिसरातील कचरावेचक यांच्याकडे याच दृष्टीने, आणि आधी कॅमेरा न काढता, पुन्हा पुन्हा जावे.

काढलेली चित्रे प्रथम त्या माणसांनाच दाखवावीत, त्यांना अपमानास्पद वाटेल ते चित्र कितीही सुंदर असले तरी वगळावे, आणि उरलेली त्यांच्या संघटनेच्या हाती द्यावीत. कारण सुरक्षित साधने आणि कायम नोकरी यांच्या मागणीस पुरावा म्हणून जे चित्र उभे राहते, त्यामागचेच श्रम सार्थकी लागतात.

कळावे, लोभ आहेच.

मामा